शब्दांची सोयरीक

आमच्या मुलांस इंग्रजी येत नाहीं, ही तक्रार आतां इतकी जुनी झाली आहे कीं, तिच्यांत नवें सांगण्यासारखें कांहीं उरलें असेल असें कोणास वाटणार नाहीं. महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. म्हणजे दहावीपर्यंत पोहोंचलेल्या मुलाच्या पदरीं त्या भाषेचीं दहा वर्षें पडलेलीं असतात. दहा वर्षें हा कांहीं थोडा काळ नव्हे. तेवढ्या काळांत गवयाचा गळा तयार होतो आणि सुताराचा हात बसतो. असें असून पुष्कळ मुलांस या भाषेंत चार वाक्यें धड लिहितां येत नाहींत, आणि बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे तर तीं घरांत दडून बसतात. याचें कारण विचारलें कीं ठरलेलीं तीन उत्तरें मिळतात: मुलाचा शब्दसंग्रह तोकडा आहे, त्याचें व्याकरण कच्चें आहे, किंवा तो मराठी शाळेंतला आहे. आमचें म्हणणें असें कीं, हीं तिन्ही उत्तरें चुकीचीं आहेत, आणि या चुकीच्या निदानावर जी औषधयोजना आज घरोघरीं व शाळोशाळीं चालली आहे तिनें रोग बरा होत नसून उलट बळावतच आहे.

प्रथम मुलाची वही पाहूं. तींत तीन रकाने असतात: शब्द, त्याचें स्पेलिंग आणि त्याचा मराठी अर्थ. 'हेवी' म्हणजे जड, 'रेन' म्हणजे पाऊस, 'स्ट्राँग' म्हणजे बळकट, 'टी' म्हणजे चहा. रोज दहा शब्द याप्रमाणें हें पाठांतर चालतें, आणि ज्याचे रकाने अधिक भरले तो मुलगा हुशार ठरतो. आतां याच हुशार मुलास 'काल मुसळधार पाऊस पडला' आणि 'बाबांना कडक चहा लागतो' हीं दोन साधीं वाक्यें इंग्रजींत लिहावयास सांगा. पाऊस हा इंग्रजींत 'हेवी' असतो हें त्यास कसें सुचावें? त्याच्या वहींत तर तो शब्द पोत्यासाठीं व पेटीसाठीं राखलेला आहे. चहाचा कडकपणा 'स्ट्राँग' या शब्दानें सांगावयाचा हें तरी त्यानें कोठून जाणावें? तो बिचारा 'कडक' म्हणजे 'हार्ड' एवढें आठवतो आणि 'हार्ड टी' लिहून मोकळा होतो. या दोन शब्दांत व्याकरणाची चूक एकही नाहीं, कारण विशेषण नामाच्या आधींच आलें आहे. स्पेलिंगही शुद्ध आहे. दोन्ही शब्दांचे अर्थही वहीप्रमाणें बरोबर आहेत. तरीही हें इंग्रजी नव्हे. मग चूक आहे ती कोठें? चूक आहे ती संगतींत. ज्या शब्दाचें ज्याच्याशीं कधीं नातें जुळलें नाहीं, अशा दोघांस मुलानें एका बोहल्यावर उभें केलें आहे.

ही गोष्ट नीट पटावयाची असेल तर क्षणभर इंग्रजी बाजूस ठेवून आपल्याच भाषेकडे पाहावें. आपणांस भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ठेच लागते. घराला आग लागते, झाडाला फळ लागतें, मुलाला लळा लागतो. कोणा परक्या माणसानें 'लागणें' या शब्दाचा एक अर्थ पाठ केला आणि त्या बळावर 'मला आनंद लागला', 'मला राग लागला' असें म्हटलें, तर आपण हंसूं. कां, तर आनंद होतो, राग येतो, भीति वाटते, हांव सुटते, माया जडते. नवस बोलावा लागतो आणि फेडावा लागतो. कर्ज काढावें लागतें. पैज मारतां येते, पण ती कोणी बोलत नाहीं. यांपैकीं एकही गोष्ट आम्हांस कोणत्या व्याकरणानें शिकविली नाहीं. कोशांतून तर ती आम्हीं शोधून काढलेली नाहींच. आईच्या मांडीवर, जेवणाच्या पंक्तींत, शेजारणीच्या ओसरीवर हीं जोडकीं जशीच्या तशीं कानांवर पडलीं आणि मनांत राहिलीं. 'राग' हा शब्द आपण कधीं एकटा शिकलोंच नाहीं. 'राग येतो' असाच तो शिकलों. मातृभाषा शिकण्याची ही जी सृष्टीनें घालून दिलेली रीति, ती परभाषा शिकवितांना आपण टाकून देतों आणि प्रत्येक शब्दास त्याच्या कुटुंबांतून ओढून काढून मुलाच्या वहींत एकटा बसवितों.

या एकटेपणाचा सर्वांत मोठा फटका बसतो तो अगदीं साध्या शब्दांच्या बाबतींत. मराठींत 'करणें' हें एकच क्रियापद शंभर घरचीं कामें उरकतें: आपण अभ्यास करतों, चूक करतों, चहा करतों, आंघोळ करतों, मदत करतों, लग्न करतों. इंग्रजींत या एकाच्या जागीं अनेक उभे राहतात. गृहपाठासाठीं 'डू', चुकीसाठीं 'मेक', चहासाठींही 'मेक', आंघोळीसाठीं 'टेक' किंवा 'हॅव', आणि लग्नासाठीं बहुधा 'गेट'. मदतीस तर वेगळें क्रियापदच लागत नाहीं, 'हेल्प' हा शब्द स्वतःच काम करतो. उलट दिशेनें पाहिलें तरी तोच प्रकार. इंग्रज ज्या ज्या ठिकाणीं 'टेक' म्हणतो, त्या त्या ठिकाणीं मराठी माणूस औषध घेतो, फोटो काढतो, बसतो, राग मानतो. आणि परीक्षेच्या बाबतींत तर नेमका उलटा व्यवहार होतो. आमचा विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजांचा विद्यार्थी ती घेतो! ज्या मुलानें 'टेक' म्हणजे घेणें आणि 'गिव्ह' म्हणजे देणें एवढेंच घोकलें, त्यानें इंग्रजींत परीक्षा 'दिली' तर तो दोष त्या मुलाचा कीं ज्यांनीं त्याच्या हातीं ही अर्धी नाणीं ठेवलीं त्यांचा?

शिवाय शब्दांस केवळ सोबती असतात असें नव्हे. त्यांचा एक स्वभावही असतो, आणि तो सोबत्यांवरूनच कळतो. इंग्रजींतील 'कॉज' हें क्रियापद घ्या. कोश सांगतो, अर्थ 'कारण होणें'. परंतु इंग्रजी लेखनाचे ढीगच्या ढीग तपासणाऱ्या विद्वानांस असें आढळून आलें कीं, या शब्दाच्या पाठीमागें बहुतेक वेळां नुकसान, त्रास, अपघात, रोग, मृत्यु अशींच मंडळी येतात. तुमच्या पत्रामुळें मला फार आनंद झाला, हें सांगण्यासाठीं कोणीं 'कॉज' वापरला तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही कानास खटकतें. 'सेट इन' या जोडीचें तसेंच. कुज, निराशा, कडाक्याची थंडी हीं 'सेट इन' होतात. सुख किंवा उत्साह सहसा होत नाहींत. मराठींत 'कारणीभूत होणें' या शब्दाचा कल असाच आहे. अमका माझ्या नाशास कारणीभूत झाला असें आपण म्हणतों. माझ्या यशास कारणीभूत झाला असें म्हटलें तर ऐकणारा जरा थबकतो. हा स्वभाव 'अर्थ' या रकान्यांत मावत नाहीं. तो शब्दाला त्याच्या मंडळींत बसलेला पाहूनच कळावयाचा.

हें सर्व आम्हीं नव्यानें शोधून काढलें आहे असा आमचा मुळींच दावा नाहीं. उलट आमचें दुःख हेंच आहे कीं, जी गोष्ट जाणत्यांस फार पूर्वीं कळली ती आमच्या पाठ्यक्रमांच्या दारापर्यंत अद्याप पोहोंचली नाहीं. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रचंड कोश प्रसिद्ध केला, तेव्हांच त्याच्या प्रस्तावनेंत लहान क्रियापदांस 'ऑफ', 'आउट', 'इन' असले शब्द चिकटून जे नवे अर्थ उत्पन्न होतात ते परकीयांस सर्वांत अवघड जातात असें बजावून ठेवलें होतें. विसाव्या शतकांत हॅरल्ड पामर हे गृहस्थ जपानांत इंग्रजी शिकविण्याच्या पद्धतीची सुधारणा करीत होते. त्यांच्या संस्थेनें तोकियो येथून १९३३ सालीं इंग्रजी शब्दांच्या अशा जोडक्यांवर एक सबंध अहवालच छापला. त्यांचे सहकारी हॉर्न्बी यांनीं परभाषी विद्यार्थ्यांसाठीं जो कोश रचिला तो १९४२ सालीं तोकियोंत व पुढें १९४८ सालीं ऑक्सफर्डतर्फें निघाला. कोणतें क्रियापद कोणत्या रचनेंत बसतें हें सांगणें हाच त्याचा विशेष होता. पुढें जॉन सिंक्लेअर यांनीं बर्मिंगहॅम येथें छापील व बोललेल्या इंग्रजीचा मोठा संचय संगणकांत भरला आणि १९८७ सालीं त्यावरून कोश तयार केला. त्यांचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, मनुष्य बोलतांना एकेक शब्द निवडून वाक्य रचतो ही समजूत बऱ्याच अंशीं खोटी आहे. तो अर्धेमुर्धे तयार असलेले तुकडे उचलतो आणि जोडतो. आणि ही विद्या केवळ साता समुद्रांपलीकडची आहे असेंही नाहीं. आमच्याच कोल्हापुरास, शिवाजी विद्यापीठांत, प्राध्यापक एस. व्ही. शास्त्री यांनीं भारतांत १९७८ सालीं छापलेल्या इंग्रजीचे पांचशें वेंचे घेऊन दहा लक्ष शब्दांचा संग्रह सिद्ध केला. जगांतील भाषाशास्त्रज्ञ त्यास 'कोल्हापूर संग्रह' याच नांवानें ओळखतात. कोल्हापूरचें नांव ज्या विद्येंत असें गाजलें, तिचा एखादा कवडसा तरी कोल्हापूरच्या चौथींतल्या मुलाच्या इंग्रजी वहीवर पडावयास नको होता काय?

आतां आमच्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, शब्दच थोडे असतील तर जोडणार काय? आधीं शब्द वाढवा, मग संगतीचें पाहूं. दिसावयास हें मोठें शहाणपणाचें आहे; परंतु हिशेब उलटें सांगतो. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत कुचेरा व फ्रान्सिस या दोघांनीं १९६१ सालीं तिकडे छापलेल्या लेखनांतून असाच दहा लक्ष शब्दांचा संग्रह केला; कोल्हापूरचा संग्रह त्याच धर्तीवर बांधलेला आहे. त्या अमेरिकन संग्रहांत एकटा 'दि' हा शब्द शेंकडा सुमारें सात ठिकाणीं येतो, आणि अवघे १३५ शब्द मिळून निम्मी जागा व्यापतात! म्हणजे इंग्रजीच्या संसाराचा अर्धा भार जे उचलतात ते शब्द आमच्या तिसरी-चौथीच्या मुलास ठाऊक असलेलेच असतात: गेट, मेक, टेक, गिव्ह, कम, गो, अप, आउट, ऑन आणि त्यांचे भाऊबंद. मुलाला कमी पडतात ते शब्द नव्हेत. कमी पडतात तीं या शब्दांचीं नातीं. 'गिव्ह' आणि 'अप' हे दोन्ही शब्द ज्यास येतात पण 'गिव्ह अप' म्हणजे हात टेकणें हें ज्यास येत नाहीं, त्याच्या डोक्यांत आणखी पांचशें जड शब्द भरून काय होणार? पाया न घालतां मजले चढविण्यासारखेंच तें आहे. तरी पण आमचे पालक मुलास लांबलचक शब्दांचें स्पेलिंग बिनचूक आलें म्हणजे चार लोकांत कौतुक करितात, आणि त्याच मुलाच्या साध्या वाक्यांत क्रियापद कां अडखळतें याचा विचारही करीत नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं, असल्या जोड्या असंख्य आहेत, त्या मुलानें पाठ तरी किती कराव्या? हा आक्षेप घेणाऱ्यांस पाठांतरावांचून शिक्षणाची दुसरी वाट ठाऊकच नसावी. जोड्यांच्या याद्या छापून त्या घोकावयास लावणें म्हणजे जुन्याच रोगास नवें नांव देणें होय, आणि उद्यां बाजारांत तसलीं मार्गदर्शकें निघालीं तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं. संगति ही पाठ करावयाची वस्तु नव्हे, पुन्हां पुन्हां भेटून ओळखीची व्हावयाची वस्तु आहे. त्यासाठीं मुलास सोपीं, गोड, आपल्या आवांक्यांतलीं पुस्तकें पुष्कळ वाचावयास मिळालीं पाहिजेत. ढाक्याच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख मायकेल वेस्ट यांनीं बंगाली मुलांचा अनुभव घेऊन १९२६ सालींच हा विचार मांडला होता, आणि थोड्या शब्दांत लिहिलेलीं वाचनमाला-पुस्तकें स्वतः तयार केलीं होतीं. आमच्याकडे मात्र दहा वर्षांत दहा क्रमिक पुस्तकें, आणि त्यांतील धड्यांपेक्षां धड्यांखालच्या प्रश्नांची उत्तरें अधिक वाचलीं जातात. दहा भेटींत कोणाचें नातें जमलें आहे?

तिसरा आक्षेप स्वाभिमानी मंडळींचा. इंग्रजांच्या जोड्यांची नक्कल आम्हीं कां करावी? आम्ही आमच्या पद्धतीनें बोलूं. या आक्षेपांत तथ्यांश आहे, आणि तो आम्ही आनंदानें मान्य करितों. आमच्या कचेऱ्यांतून चालणारा 'डू द नीडफुल' हा प्रयोग एके काळीं विलायतेंतही सर्रास होता. तिकडे तो जुनाट झाला, इकडे टिकला. 'आउट ऑफ स्टेशन' हाही तसाच जुन्या अमदानीचा वारसा. जी जोडी सबंध देशानें शतकभर वापरली ती केवळ लंडनला रुचत नाहीं म्हणून अशुद्ध ठरविणाऱ्यांची, आणि ती वापरणाऱ्या कारकुनास हंसणाऱ्यांची, आम्हांस कींवच येते. परंतु देशानें रूढ केलेली जोडी वेगळी आणि कोशाच्या रकान्यांतून एकट्यानें बनविलेली जोडी वेगळी. 'हार्ड टी' हें भारतीय इंग्रजी नव्हे. तें कोणाचेंच इंग्रजी नव्हे. स्वतःची रीति असणें हा स्वाभिमान. कोणतीच रीति ठाऊक नसणें हा स्वाभिमान कसा होईल?

किंबहुना ज्यांस मराठीचा अभिमान आहे त्यांनीं तर ही गोष्ट अधिकच मनावर घ्यावयास हवी. इंग्रजी जोडकें हें जोडकें आहे हें ज्यास कळत नाहीं, तो त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाचें वेगळें भाषांतर करितो आणि तें धूड मराठीच्या अंगणांत आणून टाकतो. आजच्या वर्तमानपत्री मराठींत प्रत्येक मनुष्य 'महत्त्वाची भूमिका बजावतो' आणि प्रत्येक वक्ता विषयावर 'प्रकाश टाकतो', हा त्याचाच परिणाम. यांतील कांहीं प्रयोग आतां रुळले, त्यांच्याशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. पण दोन्ही भाषांतील जोडकीं ज्याच्या कानांत पक्कीं आहेत तो इंग्रजी वाक्य वाचून त्याच्या जागीं मराठी वाक्य ठेवील, इंग्रजी शब्दांच्या जागीं मराठी शब्द ठेवणार नाहीं. म्हणून संगतीचें अज्ञान इंग्रजीस जितकें घातक आहे तितकेंच मराठीसही आहे.

शेवटचा आक्षेप अगदीं अलीकडचा. नोव्हेंबर २०२२ मध्यें 'चॅटजीपीटी' नांवाचें यंत्र लोकांपुढें आलें, आणि तेव्हांपासून कित्येक पालक म्हणूं लागले आहेत कीं, पत्र यंत्रच लिहून देईल, मुलानें एवढी यातायात कशाला करावी? यावर आमचें उत्तर असें. हें यंत्र तरी भाषा शिकलें कसें? त्याच्यापुढें कोणीं तीन रकान्यांची वही ठेविली नव्हती आणि त्याच्याकडून कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या व्याख्याही म्हणवून घेतल्या नव्हत्या. अमर्याद लेखन त्यास पुरविलें, आणि अमक्या शब्दांच्या पाठोपाठ कोणता शब्द येण्याचा संभव आहे हें ओळखण्याचा सराव त्याजकडून करवून घेतला. म्हणजे यंत्राच्या गुरूंस जें कळलें तें मुलांच्या गुरूंस अद्याप कळावयाचें आहे! शिवाय, यंत्रानें लिहिलेलें वाक्य योग्य कीं अयोग्य, आपल्या मनांतलें कीं भलतेंच, हें ठरविण्यास शेवटीं कान लागतो तो माणसाचाच. आणि मुलाखतीच्या खोलींत समोर बसलेल्या गृहस्थास तोंडानेंच उत्तर द्यावें लागतें.

आम्ही या प्रश्नावर इतक्या आग्रहानें लिहितों याचें खरें कारण आतां सांगतों. ज्या घरांत आईबाप इंग्रजी बोलतात, तेथील मुलास हीं जोडकीं जेवतांना, खेळतांना, निजतांना फुकट मिळतात. ज्या घरांत तें भाग्य नाहीं, तेथील मुलाचा सर्व भरंवसा शाळेवर. आणि शाळा त्यास देते ते सुटे शब्द. पुढें मुलाखतींत, महाविद्यालयांत, नोकरीच्या अर्जांत परीक्षा होते ती मात्र जोडक्यांची! जें शाळेनें कधीं दिलेंच नाहीं तें मुलापाशीं नाहीं म्हणून त्यास मंदबुद्धि ठरवावयाचें, आणि दुसऱ्या मुलानें जें घरून आणलें त्यास त्याची गुणवत्ता म्हणावयाचें, याहून मोठा अन्याय कोणता? शेतकऱ्याच्या, गिरणी-कामगाराच्या, साध्या कारकुनाच्या मुलानें दहा वर्षें प्रामाणिकपणें शब्द घोकले. त्याचे कष्ट खोटे नव्हते, त्यास दिलेलें काम खोटें होतें.

याचा उपाय महाग नाहीं. शिक्षकानें एकही नवा शब्द एकटा फळ्यावर लिहूं नये. ज्या दोन-तीन सोबत्यांबरोबर तो नेहमीं हिंडतो त्यांच्यासह लिहावा. वहींतील तिसऱ्या रकान्यांत अर्थाऐवजीं एक छोटें जिवंत वाक्य असावें. प्रश्नपत्रिका काढणारांनीं 'अर्थ लिहा' आणि 'विरुद्धार्थी शब्द लिहा' यांचे गुण कमी करून 'योग्य शब्द जोडा' यांचे वाढवावे. कारण परीक्षेंत जें विचारलें जातें तेंच वर्गांत शिकविलें जातें, हा आमच्याकडील अढळ नियम आहे. आणि पालकांनीं मुलास किती शब्द येतात हें विचारण्याचें सोडून, कोणतें गोष्टीचें पुस्तक त्यानें पुन्हां पुन्हां वाचलें हें विचारावें. इंग्रजीस वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तें खरें असेलही. परंतु आजवर आपण मुलांस दूध पाजीत नाहीं, दुधांतील घटकांची यादी तेवढी पाठ करवून घेतों, आणि बळ कां येत नाहीं म्हणून त्यांनाच बोल लावतों. हा बोल लावणें आतां तरी थांबलें पाहिजे.